सत्तर जोड्यांचा साकव

टक्, टक्, टक्.

लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. एका माणसाचा नव्हे, शेकडो माणसांचा. हा आवाज मी या गावात पहिल्यांदा ऐकला, त्याला चोपन्न वर्षं झाली. मी विजयदुर्गाकडचा सुतार. बोटीवर सुतारकामाला लागलो होतो. हांबुर्ग बंदरात मला ताप भरला, बोट निघून गेली आणि मी मागे राहिलो. कोणाच्या तरी ओळखीने इथल्या लाकडाच्या गिरणीत काम मिळालं. गिरणीच्या माडीवर मला खोली दिली होती. मार्च महिना होता. पहिल्याच रविवारी सकाळी तो आवाज कानावर आला आणि मला वाटलं, आमच्या मठातले सगळे बुवा खडावा घालून एकदम निघाले की काय.

खिडकी उघडून पाहिलं. खाली नदी, नदीवर पूल, पुलावर माणसंच माणसं. एवढ्या थंडीत सगळ्यांचे पाय उघडे, आणि हातात लाकडी जोडे. ते एकमेकांवर आपटत, हसत, ती माणसं पूल ओलांडत होती.

तोच हा पूल. गावाचं नाव क्रुमश्टेग. श्टेग म्हणजे आपल्याकडचा साकव, आणि क्रुम म्हणजे वाकडा. हे नाव मला समजलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. इतक्या लांब येऊन शेवटी साकवावरच पोचलो म्हणायचं.

पूल नीट बघितला तर दोन्ही काठांकडून अगदी सरळ येतो आणि बरोबर मध्यावर एकदम बाजूला सरकतो. दोन पूल एकमेकांना शोधत आले आणि जरासे चुकले, असं वाटतं. त्या मोडणीच्या जागी दगड नाही. तिथे ओकच्या लाकडाचं एक दार आडवं टाकलेलं आहे. खरंखुरं दार. बिजागऱ्यांच्या खाचा दिसतात, कडीची भोकं दिसतात. शेजारी कठड्यात दोन लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत, एक आखूड आणि एक जरा लांब. त्यांच्याखाली काही लिहिलेलं नाही.

ही गोष्ट मला माझ्या बायकोने, हेडीने सांगितली. तिला तिच्या आजीने. कागदोपत्री कुठे काही सापडणार नाही. हेडी गेल्यापासून मी पुलाच्या या टोकाला बाकावर बसतो, आणि कोणी विचारलं तर सांगतो. गेल्या मार्चमध्ये, त्याच रविवारी, साताऱ्याकडचे सर्जेराव शेडगे माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांना सांगितली तशीच इथे सांगतो.

शेडगेसाहेब जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी मंजिरी पलीकडच्या काठावर, पुलासमोरच्या पिवळ्या घरात राहते. तिने इथल्या यानशी लग्न केलं तेव्हा साहेब तिला म्हणाले होते, तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही. त्याला तीन वर्षं झाली. आता नात झाली, चार महिन्यांची. बाईसाहेबांनी ढकलून पाठवलं म्हणून ते आले खरे, पण उतरले पुलाच्या अलीकडच्या हॉटेलात. मंजिरीही काही कमी नाही. ती म्हणाली, माझी मुलगी हॉटेलात आजोबांना भेटायला जाणार नाही. दोन दिवस असेच गेले. बापलेक एकाच लाकडाची.

आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. म्हणाली, "मेस्त्रीआजोबा, उद्या बाबा बाकावर येतील. त्यांना पुलाची गोष्ट सांगा. माझं काही बोलू नका."

मी म्हटलं, बरं.

साहेब बसले ते पुलाकडे बघतच. पाच मिनिटांनी म्हणाले, "हा पूल चुकलाय."

"हो."

"कोणाच्या मोजणीत?"

"तेच सांगतो," मी म्हटलं.

फार पूर्वी, साडेपाचशे वर्षं झाली म्हणतात, इथे एक गाव नव्हतं, दोन होती. मधली नदी हीच, लाउटर. ती पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. त्यामुळे पलीकडच्या काठावरचा उतार दिवसभर ऊन खातो. तिथे द्राक्षाचे मळे होते, अजून आहेत. अलीकडचा काठ मात्र डोंगराच्या पायाशी, आणि हा डोंगर इतका अंगावर आलेला की नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी लागेपर्यंत सूर्य त्याच्यावर येतच नाही. दोन्ही गावांची जर्मन नावं लांबलचक आहेत. मी माझ्यापुरतं त्यांना ऊनकाठ आणि सावलीकाठ म्हणतो.

ऊनकाठाकडे द्राक्षं, गहू, पांढरा पाव आणि पायात चामड्याचे बूट. सावलीकाठाकडे जंगल, कोळशाच्या भट्ट्या आणि पायात लाकडी जोडे. ऊनकाठाचे लोक म्हणायचे, हे सावलीतले म्हणजे अळंबी आहेत, ओलीत उगवतात आणि उन्हात सुकतात. सावलीतले म्हणायचे, उन्हाने यांचे मेंदू मनुका झालेत. असं बोलायचे आणि मुली मात्र एकमेकांकडे द्यायचे.

जायला-यायला दोर धरून ओढायची एक होडी होती. दोन्ही काठांवर तिचे खांब, अगदी समोरासमोर. पण वसंतात वरच्या डोंगरांवरचं बर्फ वितळलं की नदी फुगायची. मग दोर सोडून ठेवायचे, आणि पाच-सहा आठवडे दोन गावांमध्ये जे काही बोलणं व्हायचं ते काठावर उभं राहून, ओरडून.

सावलीकाठावर आफ्रा नावाची बाई राहायची. नवरा लाकडी जोडे करायचा. तो गेल्यावर जोडे तीच करू लागली, आणि हात इतका बसलेला की पायाला एकदा हात लावला की माप घ्यावं लागायचं नाही. शिवाय ती सुईण होती. त्या वेळी दोन्ही काठांवर तिशीच्या आत जी कोणी माणसं होती, ती बहुतेक तिच्याच हातांत जगात आली होती. तिची एकुलती एक मुलगी एल्झे ऊनकाठाला दिलेली.

एल्झेचं पहिलं बाळंतपण नेमकं पुराच्या दिवसांत आलं. होडी बंद. आफ्रा या काठावर, मुलगी त्या काठावर. मग काय करणार, आफ्राने इथून ओरडून सांगायला सुरुवात केली, असं करा, तसं करा, पाणी गरम करा, तिला डाव्या कुशीवर घ्या. पलीकडे काठावर एल्झेची सासू उभी. ती ऐकणार आणि घरात धावत जाऊन तसं करणार. पण सासू जरा कानाने कमी. ती दर वेळी हात कानाशी नेऊन ओरडायची, "लाउटर! लाउटर!" म्हणजे मोठ्याने बोला, मोठ्याने. शाळेतले मास्तर सांगतात की लाउटर म्हणजे निर्मळ, म्हणून नदीचं हे नाव. असेलही. पण जुन्या बायका म्हणायच्या, त्या दिवशी सासूबाईंनी नदीला ते नाव दिलं.

साहेब पहिल्यांदा हसले. "आणि बाळ?"

"बाळ छान झालं. मुलगा. सासूने त्याला गुंडाळून काठावर आणलं आणि वर धरून दाखवलं. आफ्राला दिसलं ते एक पांढरं गाठोडं. ते गाठोडं हातात घ्यायला तिला पाच आठवडे लागले."

असं सांगतात, की त्या दिवशी तिने काठावरच आपले लाकडी जोडे काढले आणि नवस केला. कोरड्या लाकडावरून चालत पलीकडे जाईन आणि लेकीचं पुढचं बाळ माझ्या हातांनी घेईन, तेव्हाच पायात जोडे घालीन. जोडे तिने दोरीत ओवले आणि घराच्या दाराला बाहेरून टांगून ठेवले.

आता बघा, गावाचे जोडे करणारी बाई, आणि तीच अनवाणी. उन्हाळ्यात कोणाला काही वाटलं नाही. पानगळ झाली, पहिलं बर्फ पडलं, आणि लोकांना तिच्याकडे जाऊन जोडे मागायची लाज वाटायला लागली. ती खाली बसून त्यांच्या पायांत नवे जोडे चढवायची आणि तिचे पाय बर्फात लाल झालेले असायचे. कोणी विषय काढला तर विचारायची, "अंगठ्याला लागतोय का?" एवढंच. ऊनकाठावर कोणाला दिवस गेले असले की ती होडीतून तपासायला जायची. त्या वेळी त्यांनाही ते पाय दिसायचे. आणि एल्झेलाही पुन्हा दिवस राहिले होते. वसंतातलाच हिशेब होता.

शेवटी दोन्ही गावचे पाटील एकत्र बसले. इथे पाटील म्हणत नसत, पण आपल्याला समजायला तेच बरं. ऊनकाठाचा उलरिश आणि सावलीकाठाचा कुंत्झ. ठरलं की पूल बांधायचा. अर्धा तुम्ही, अर्धा आम्ही, मध्ये गाठ. होडीच्या खांबांजवळचा तळ चिखलाचा, म्हणून दोघांनीही आपापल्या खांबापासून प्रवाहाच्या वरच्या बाजूला सत्तर शू मोजायचे आणि तिथून नदीत सरळ निघायचं. मठातल्या एका साधूने हे लिहून दिलं.

"शू म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"शू म्हणजे जोडा. पायातला. पण त्या काळी मापाचं नावही तेच होतं. आपण फूट म्हणतो तसं."

"म्हणजे करारात सत्तर जोडे?" साहेब म्हणाले. "आमच्याकडे मोजणीला गेलं की लोक करार न करताच द्यायला तयार असायचे."

मीही हसलो. पुढे सांगितलं.

चूक त्या एका शब्दात झाली. ऊनकाठाचा शू म्हणजे त्यांच्या देवळाच्या दारात ठोकलेली लोखंडी पट्टी. बाजारात कापड, लाकूड, सगळं तिच्यावर मोजायचं. त्यांनी तिच्यावरून सत्तर शू मोजले. सावलीकाठाकडे तशी पट्टी नव्हतीच. त्यांना जोडा म्हणजे जोडाच. कुंत्झने आपला लाकडी जोडा काढला आणि तो जमिनीवर पुढे पुढे ठेवत सत्तर वेळा मोजलं. लाकडी जोडा जाड असतो, लांब असतो. दोन्ही बाजूंनी अगदी काळजीपूर्वक मोजलं. कोणी एक बोटभरसुद्धा लबाडी केली नाही. दोघंही बरोबर होते, म्हणून तर पंचाईत झाली.

काम हिवाळ्यात सुरू झालं, कारण तेव्हा पाणी उतरलेलं असतं. त्या दिवसांत खोऱ्यात धुकं इतकं असतं की समोरच्याचं फक्त खोकणं ऐकू येतं. दोन्हीकडून खांब पुढे पुढे येत गेले. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी धुकं फाटलं आणि दोन्हीकडच्या सुतारांनी मान वर केली. सावलीकाठाचा पूल निघाला होता एका रेषेत, ऊनकाठाचा दुसऱ्या.

मी सुतार आहे, म्हणून मला माहीत आहे की अशा वेळी काय होतं. दोघांनाही दिसलं आणि दोघंही गप्प बसले. प्रत्येकाला वाटलं, चूक समोरच्याची आहे, त्याच्या लक्षात येईल आणि तो वळवून घेईल. तीन आठवडे कोणी अवाक्षर काढलं नाही. फळ्या ठोकत राहिले. मग गुमान राहवेना, तेव्हा बोलणी सुरू झाली.

"काय रे, तुमचा पूल कुठे निघालाय? बाजाराला?" इकडून एकजण ओरडायचा.

"तुमच्यापेक्षा शहाणा आहे तो. तुम्हाला चुकवून जातोय," तिकडून उत्तर यायचं.

"मनुकेवाल्यांनो, डोळ्यांवर ऊन येतंय का?"

"अळंबीवाल्यांनो, तुम्हाला सरळ म्हणजे काय ते दिसायला आधी उजेड लागेल."

असं करत मार्च लागला. दोन्ही टोकं मध्यापासून दोन-दोन हात अलीकडे येऊन थांबली, कारण पुढची फळी कोणाच्या रेषेत टाकायची ते ठरेना. तिरकी फळी टाकणं म्हणजे आपण चुकलो असं म्हणणं. ते कोणाला नको होतं. मध्ये राहिली ती फट. उडी मारून जाण्यासारखी नव्हती, आणि खाली नदी भरत चालली होती, होडीचा दोर केव्हाच सोडला होता.

मग एका रविवारी सकाळी पलीकडच्या काठावर एल्झेची सासू आली. आता तिला ऐकायचं नव्हतं, सांगायचं होतं, त्यामुळे आवाज चांगला लागला होता. "आफ्राबाई, सुरू झालंय! या वेळी मूल आडवं आहे!"

साहेब बाकावर सावरून बसले. मुलगी असलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आडवं मूल वळवायचं तर हात लागतो, आणि तो हात नदीच्या अलीकडे होता. ओरडून ते काम होणारं नव्हतं.

आफ्रा आली. अनवाणी, सावलीकाठाच्या अर्ध्या पुलावरून चालत टोकापर्यंत गेली. पलीकडच्या टोकाला उलरिश होता, अलीकडे कुंत्झ. ती म्हणाली, "एक फळी द्या."

कुंत्झ म्हणाला, "देतो. पण ती आमच्या रेषेत पडेल. त्यांनी त्यांचं टोक इकडे आणावं."

उलरिश म्हणाला, "आमची पट्टी देवळाच्या दारातली आहे. ती कशी चुकेल? तुम्ही पायातल्या खेटराने मोजलंत."

"करारात शू लिहिलंय. पट्टी कुठे लिहिलंय?"

"शू म्हणजेच पट्टी."

"शू म्हणजे शू."

उलरिशने पट्टी उपटून आणलीच होती. ती त्याने वर धरली. कुंत्झने जोडा काढून वर धरला. दोन्हीकडचे लोक आपापल्या पाटलाच्या मागे उभे राहिले.

आफ्रा दोघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, असं सांगतात, "तुम्ही दोघं एकाच आठवड्यात माझ्या हातांत आलात. उलरिश, तू दोन बोटं लांब होतास. कुंत्झ, तू दोन बोटं रुंद. तेव्हा मी कोणाला परत पाठवला नाही."

आणि ती वळली आणि घरी चालती झाली.

लोकांना वाटलं, रागावून गेली. कोणी म्हणालं, तिला बोलवा. कोणी म्हणालं, फळी टाका आता. पण टाकायला पुढे कोणी होईना. एवढ्यात गल्लीतून आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्. लाकडावर लाकूड. सगळ्यांनी माना वळवल्या. आफ्रा येत होती, आणि तिच्या पाठीवर तिच्या घराचं दार होतं. बिजागऱ्यांतून उचलून काढलेलं, ओकचं, तिच्या दीडपट उंचीचं. दाराला बाहेरून टांगलेले ते जोडे तसेच होते, आणि तिच्या प्रत्येक पावलाला ते दारावर आपटत होते. टक्, टक्. दारावर कोणी पाहुणा थाप मारतो ना, अगदी तसं.

ती पुलावर आली तेव्हा माणसं आपोआप बाजूला झाली. टोकाला पोचल्यावर तिने दार खाली ठेवलं आणि पुढे सरकवलं. एकटीला ते पलीकडे पोचेना. तेव्हा कुंत्झने हातातला जोडा खाली टाकला आणि दाराचं अलीकडचं टोक धरलं. पलीकडे उलरिशने पट्टी मागच्याच्या हातात दिली, गुडघ्यांवर बसला आणि पुढचं टोक ओढून घेतलं. दार तिरकं पडलं. नीट बसलं. करवत लावावी लागली नाही की खिळा मारावा लागला नाही.

आफ्रा त्याच्यावरून चालत गेली. जोडे सोडून हातात घेतले होते.

दुपार टळायच्या आत एल्झे बाळंत झाली. मुलगी. बाहेर दोन्ही गावं जमली होती आणि कोणालाच परत जायचं सुचत नव्हतं. आफ्रा बाहेर उंबऱ्यावर आली तेव्हा सगळे एकदम विचारू लागले. ती म्हणाली, "हळू बोला. एकदाचं हळू बोला. झोपलीय." मग ती उंबऱ्यावर बसली आणि वर्षभराने आपले जोडे पायांत घातले. म्हणे ते तिला घट्ट होत होते. वर्षभर अनवाणी चालून पाय पसरले होते. तेव्हा एल्झेची सासू म्हणाली, "बाई, तुमचंही माप चुकलं की." आणि पहिल्यांदा आफ्रा हसली, आणि मग सगळा काठ हसला.

"आणि तिच्या घराला दार?" साहेबांनी विचारलं.

ती गंमत पुढे आहे. पुलावरचं दार काढायचं नाही असं ठरलं, कारण ते काढलं की पुन्हा भांडण. मग आफ्राचं घर उघडं. दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिश आपल्या घराचं दार काढून, चार माणसांच्या खांद्यावर देऊन सावलीकाठाला घेऊन आला. ते आफ्राच्या चौकटीला मोठं झालं. तिने ते आपल्या शेजाऱ्याला दिलं आणि शेजाऱ्याचं आपण घेतलं. उलरिशचं घर उघडं राहिलं, म्हणून कुंत्झने आपलं दार तिकडे पाठवलं. कुंत्झला त्याच्या मेव्हण्याने दिलं. त्या वसंतात म्हणे महिनाभर दारं पुलावरून इकडून तिकडे जात होती, आणि शेवटी कोणाच्याच घराला मूळचं दार राहिलं नाही. त्या सगळ्या महिन्यात चोरी एकही झाली नाही. कोणाच्या घरात जायचं तर ठोठावायला काही नव्हतं, म्हणून लोक हातात जोडे घेऊन ते एकमेकांवर आपटायचे, टक् टक्, आणि आत जायचे.

पुढे दोनदा पूल दगडाचा केला, पण खांब जुन्याच जागी घेतले, वाकडेपणा ठेवला आणि मध्ये दार ठेवलं. जुनं झालं की नवं करतात. गेल्या वेळचं मी आणि माझ्या हाताखालच्या तिघांनी केलं. ओक चांगला मिळाला होता. उलरिशची पट्टी कठड्यात बसवली, आणि तिच्याशेजारी कुंत्झच्या जोड्याच्या लांबीची दुसरी. कोणती बरोबर ते लिहायचं नाही, असं दोन्ही गावांनी मिळून ठरवलं.

आजही मार्चमधल्या त्या रविवारी नदीकाठच्या घरांची दारं सकाळीच काढून भिंतीला टेकवून ठेवतात. अकरा वाजता दोन्हीकडचे लोक निघतात. पुलापाशी आले की पायातलं काढतात, हातात घेतात, आणि लाकडावर लाकूड आपटत पलीकडे जातात. कोणाच्याही घरात जावं, कोणी विचारत नाही. टेबलावर पांढरा पाव असतो. हेडीने पहिल्यांदा मला असंच घरात घेतलं होतं. मी ठोठावायला दार शोधत उभा राहिलो होतो आणि ती आतून हसत होती.

एवढं सांगून मी थांबलो. अकराला दहा-पंधरा मिनिटं असतील. साहेब उठले आणि पुलावरून मध्यापर्यंत चालत गेले. मी मागोमाग गेलो, माझ्या चालीने. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली. मोजणी खात्यातला माणूस, निवृत्त झाला तरी पट्टी खिशातच. त्यांनी आधी त्या दोन लोखंडी पट्ट्या मोजल्या. मग खाली वाकून पुलाच्या एका अर्ध्याचा मध्य धरला, दुसऱ्याचा मध्य धरला, आणि बाजूला किती सरकलाय ते मोजलं. दोनदा मोजलं. तोंडातल्या तोंडात आकडे चालू होते.

"मेस्त्री," ते म्हणाले, "एका जोड्यामागे फरक तीन सेंटिमीटर. सत्तर जोड्यांचे दोनशे दहा. बरोबर?"

"बरोबर असेल."

"पण इथे भरतात एकशे साठ. तुमची गोष्ट पन्नास सेंटिमीटरने खोटी आहे."

मी दाराकडे बघितलं. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, हेडीने सांगितली, तिच्या आजीने सांगितली. कोणी कधी मोजलं नव्हतं.

"मग त्या हिवाळ्यात कोणीतरी तेवढं सरकलं असेल," मी म्हटलं. "खांब रोवताना. रोज थोडं थोडं."

"कोण? इकडचे की तिकडचे?"

"ते कोणी सांगत नाही, साहेब. सांगितलं असतं तर गोष्टीत आलं असतं."

साहेब पट्टी तशीच उघडी धरून उभे होते. समोर ऊनकाठावर ऊन आलं होतं. पिवळ्या घराचं दार याननं काढून भिंतीला टेकवलं होतं, आणि चौकट नुसती उघडी दिसत होती. तिच्यात मंजिरी उभी होती, उंबऱ्याच्या आत, खांद्यावर बाळ घेऊन. ती पुढे आली नाही की हात हलवला नाही. नुसती इकडे बघत होती.

आमच्या मागे, सावलीकाठाकडून, आवाज सुरू झाला. टक्, टक्, टक्.

साहेबांनी पट्टी गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. मग कठड्याला धरून खाली वाकले. बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठी होत्या, त्यांना वेळ लागला. मोजे काढून बुटांत घातले, बूट एका हातात घेतले आणि दारावरून पलीकडे चालू लागले.